क्रूझवरून बंदरात उतरताना: परतीच्या वेळेचं गणित

नमस्कार. तुमची भूमध्य समुद्रातली क्रूझ आता जवळ आली. तिकिटं, व्हिसा, शाकाहारी जेवणाची नोंद झाली आहे. हे पत्रक एकाच गोष्टीसाठी: फिरायला उतरल्यावर जहाजावर वेळेत परत कसं यायचं.

जहाज सुटण्याची वेळ आणि तुम्ही जहाजावर हजर असण्याची वेळ वेगळी असते. जहाज ७ ला सुटणार असेल, तर 'ऑल अबोर्ड' साधारण अर्धा ते एक तास आधी असतं. उतरण्याच्या दारापाशी ही वेळ फलकावर लिहिलेली असते, तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बंदरातून जहाजाला वाट दाखवणारा पायलट, जहाज ओढणाऱ्या टगबोटी, पुढच्या बंदरातली जागा हे सगळं आधीच ठरलेलं असतं. हजारो प्रवाशांचं जहाज चौघांसाठी थांबून राहत नाही.

सगळ्यात जास्त धावपळ होते ती रोमच्या दिवशी. जहाज रोमला लागतच नाही, ते लागतं सुमारे ७० किलोमीटरवरच्या चिविताव्हेक्किया बंदरात. म्हणून हिशोब उलटा करायचा. ऑल अबोर्ड ६ ला असेल, तर ५ ला जहाजाच्या शिडीपाशी पोचायचं. चिविताव्हेक्किया स्टेशनवरून 'लार्गो देल्ला पाचे' या थांब्यावर यायचं आणि तिथून बंदराच्या बसने जहाजापर्यंत. यात पाऊण ते एक तास जातो. म्हणजे स्टेशनवर ४ ला उतरायला हवं. व्हॅटिकनजवळच्या सान पिएत्रो स्टेशनवरून लोकल गाडीने सुमारे तास धरा. उत्तर येतं ३ ची गाडी. तर तुम्ही तिच्या आधीची गाडी पकडायची. ३ ची गाडी फक्त अडचणीसाठी राखून ठेवा.

ही एक गाडी का राखायची, ते आम्ही स्वतः भोगलं आहे. एकदा आमचा नऊ जणांचा ग्रुप सान पिएत्रोच्या फलाटावर उभा होता. फलकावर आमच्या गाडीपुढे 'रितार्दो', म्हणजे उशीर, आणि पुढे १० मिनिटं. मग २५, मग ४०. बरोबरच्या आजींनी पिशवीतला लाडवांचा डबा काढून सगळ्यांना एकेक लाडू दिला, पण खाणं कोणाच्या घशाखाली उतरेना. आम्ही आधीची गाडी धरून निघालो होतो म्हणून शिडीपाशी पोचलो तेव्हा वीस मिनिटं हातात होती. इटलीत रेल्वेचा संपही होतो, त्याला तिथे 'शोपेरो' म्हणतात. संपाची तारीख बहुतेक आधी जाहीर होते. आदल्या रात्री नक्की पाहा.

एकाच दिवसात कोलोसियम आणि व्हॅटिकन संग्रहालय दोन्ही आत जाऊन पाहण्याचा हट्ट कृपया धरू नका. आणि बरोबर ज्येष्ठ मंडळी असतील, तर रोमसाठी जहाजाचीच सहल घ्या. ती महाग पडते, पण तिची बस रखडली तर जहाज सहसा थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत नेण्याची सोय कंपनी करते. स्वतंत्र फिरणाऱ्यांना हा आधार नाही.

ग्रीसच्या सांतोरिनी बेटाला जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींनी ने-आण होते. तिथे महत्त्वाची वेळ शेवटच्या बोटीची. वरच्या फिरा गावातून खाली यायला केबल कार आहे, पण संध्याकाळी तिची रांग तासापेक्षा लांबू शकते. दुसरा रस्ता सहाशेच्या आसपास पायऱ्यांचा. गुडघे दुखत असतील तर तो विसरा.

घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. ग्रीसची वेळ इटलीपेक्षा एक तास पुढे आहे. मोबाईल आपोआप बदलतो, जहाजाचं घड्याळ त्याच क्षणी बदलेल असं नाही. हातावर साधं घड्याळ असेल तर सगळ्यात बरं.

उतरताना क्रूझ कार्ड, पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, एक बँक कार्ड, दोन दिवसांची औषधं आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीचा, फोन नंबर जवळ ठेवा. काही जहाजांवर पासपोर्ट जमा करून घेतात.

इतकं करूनही जहाज सुटलंच, तर धक्क्यावरच्या पोर्ट एजंटला भेटा. खोलीतले पासपोर्ट बहुतेक वेळा त्याच्याकडे दिलेले असतात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र आपला. जहाज तुर्कस्तानात चुकलं आणि पुढचं बंदर ग्रीसचं असेल, तर शेंगेन व्हिसा (इटली, ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा; तुर्कस्तान त्यात येत नाही) एकापेक्षा जास्त प्रवेशांचा लागतो. आम्ही अर्ज करताना तसाच मागतो, तरी हातात आल्यावर तुम्हीही वाचून घ्या.

त्यानंतर लगेच आम्हाला फोन करा. उन्हाळ्यात इटलीत संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा इथे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, आणि तुमच्या सहलीच्या दिवसांत आमच्यापैकी एकाचा फोन रात्रभर चालू असतो.