शमुवेल: नवसाच्या मुलाचं नाव

बायबलमधल्या हन्नाला मूल होत नव्हतं. शिलोच्या मंदिरात ती रडली आणि नवस बोलली, मुलगा झाला तर देवालाच वाहीन. मुलगा झाला. नाव ठेवलं शमुवेल, का तर 'मी त्याला परमेश्वराकडून मागून घेतलं'. मराठी बायबलमधला शमुवेल म्हणजेच ज्यूंचा श्मुएल आणि इंग्रजी वळणाचा सॅम्युएल.

गोष्ट गोड आहे, पण व्याकरण कुरकुरतं. हिब्रूत 'मागणे' हा धातू शीन-आलेफ-लामेद असा. त्यापासून 'मागितलेला' हे नाव होतं शाऊल, म्हणजे इस्राएलचा पहिला राजा. त्याला अभिषेक केला याच शमुवेलनं! जन्मकथेच्या अध्यायाच्या शेवटी हन्ना बाळाबद्दल 'हू शाऊल', शब्दशः 'तो मागितलेला', असं म्हणतेही. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं, ही जन्मकथा मुळात शाऊलचीच असावी. मला ते जरा ओढूनताणून वाटतं. नावावर कोटी करायची हिब्रू कथाकारांना खोडच होती.

बाळाच्या नावांच्या यादीत मात्र भलताच अर्थ सापडतो: 'देवानं ऐकलं'. 'ऐकणे' म्हणजे शामा, 'एल' म्हणजे देव. पण शामाच्या शेवटी आयिन हे अक्षर असतं, घशातून काढायचं. इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो', आणि त्या नावात आयिन ठसठशीत लिहिलेलं आहे. श्मुएलची अक्षरं मांडून बघा: शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. आयिन गायब! एवढं अक्षर आपोआप गळलं म्हणायचं तर त्याला कारण द्यावं लागतं.

उरतो तो साधा मार्ग. 'शेम' म्हणजे नाव. शेम अधिक एल, 'देवाचं नाव' किंवा 'त्याचं नाव एल'. मग मधला 'उ' कुठून आला? हिब्रू ज्या कुळातली, त्या प्राचीन सेमिटिक भाषांत प्रथमेचा प्रत्यय 'उ' होता. बोलीतून तो झडला, नावात अडकून राहिला. आपल्याला हे नवीन नाही. ज्ञानेश्वरीत 'देवा तूंचि गणेशु' आहे. आज आपण गणेश म्हणतो, तो 'उ' गेला. बायबलमध्येच एका जागेचं नाव एका ओळीत पनीएल, तर लगेच पुढच्या ओळीत पनुएल येतं. अर्थ एकच, 'देवाचं मुख'.

पुरावा आणखी जुना आहे. इसवी सनापूर्वी 19व्या शतकात बॅबिलोनवर सुमू-ला-एल नावाचा राजा होता. तिथला 'सुमू' म्हणजे नावच. म्हणजे शिलोतल्या बाळाच्या कितीतरी शतकं आधी या घडणीची नावं प्रचारात होती. अर्थ मराठीत आणायचा तर? नाम अधिक देव. आपला नामदेव!

हे नाव कोकणातही पोचलं. बेने इस्राएलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, त्याला मराठी वळण दिलं. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकेल, कंपनी सरकारच्या फौजेत अधिकारी होते. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 साली मुंबईत सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं, अशी आठवण समाजात सांगतात. बेने इस्राएली त्याला मशीद म्हणत. आज ते मशीद बंदर स्टेशनजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर आहे. सामाजीत 'एल' गळून पडला आणि त्याच्या जागी आपला 'जी' येऊन बसला.