मूत्रपिंडातील गाठ आणि प्राणवायूचा हिशेब

पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीच्या अहवालात ‘उजव्या मूत्रपिंडात ३ सेंटिमीटरची भरीव गाठ’ एवढी एक ओळ आली की घरच्यांचा धीर सुटतो. भरीव गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता अधिक असते, हे खरे. पण शस्त्रक्रियेने काढलेल्या अशा लहान गाठींपैकी साधारण पाचांतली एक सौम्य निघते.

काही गाठी सीटी स्कॅनवरच ओळखू येतात. या तपासणीत पाण्याची घनता शून्य धरतात आणि चरबीचा आकडा उणे येतो. गाठीत असा उणे आकडा दिसला, तर ती बहुधा रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची मिळून बनलेली अँजिओमायोलिपोमा ही सौम्य गाठ असते. ऑन्कोसायटोमा हीसुद्धा सौम्यच, पण स्कॅनमध्ये ती हुबेहूब कर्करोगासारखी दिसते. अशा वेळी सुईने तुकडा काढून तपासणे उपयोगी पडते. ‘गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीपायी अनेकजण ही तपासणी टाळतात. प्रत्यक्षात सुईच्या वाटेने पेशी पसरणे अत्यंत विरळ आहे.

मूत्रपिंडाच्या कर्करोगांत सर्वाधिक आढळतो तो क्लिअर सेल प्रकार, आणि त्याच्यामागची यंत्रणा मला विलक्षण वाटते. आपल्या पेशी हिफ नावाचे प्रथिन सतत तयार करतात आणि सतत मोडून टाकतात. प्राणवायू पुरेसा असला की एक विकर हिफवर हायड्रॉक्सिल गटाची खूण करते, ती खूण ओळखून व्हीएचएल हे दुसरे प्रथिन त्याला धरते आणि हिफची विल्हेवाट लागते. प्राणवायू कमी पडला तर खूणच होत नाही. मग साठलेले हिफ नव्या रक्तवाहिन्या आणि अधिक लाल पेशी घडवण्याचे आदेश देते. या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

क्लिअर सेल कर्करोगात बहुतेकदा तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी झालेल्या असतात. प्राणवायू मुबलक असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या मागवत राहते. म्हणूनच शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर ही गाठ स्कॅनवर उजळते. कापलेली गाठ चरबीमुळे सोनेरी पिवळी दिसते. काचपट्टी तयार करताना चरबी आणि ग्लायकोजेन विरघळून जातात व पेशी रिकाम्या भासतात, त्यावरून तिला ‘क्लिअर’ हे नाव पडले.

४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ शक्य तेथे उरलेले मूत्रपिंड राखून काढतात. वृद्ध किंवा अशक्त रुग्णांत ठराविक काळाने स्कॅन करून नुसते लक्ष ठेवणेही योग्य ठरते. ‘मूत्रपिंड शुद्ध करणारे’ काढे मात्र बिघडलेले जनुक दुरुस्त करू शकत नाहीत, आणि त्यांत गेलेले महिने परत मिळत नाहीत.

पसरलेल्या रोगात रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी औषधे आणि प्रतिकारशक्तीला चालना देणारे उपचार वापरले जातात. अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळालेले बेल्झुटिफॅन तर थेट हिफच्या एका प्रकारालाच त्याच्या जोडीदार प्रथिनाशी जुळू देत नाही. ते घेणाऱ्या अनेक रुग्णांचे हिमोग्लोबिन उतरते, कारण लाल पेशी घडवण्याचा आदेशही त्याच हिफकडून जात असतो.