हॉकिन्स, कोलमन

(२१ नोव्हेंबर १९०४ – १९ मे १९६९). अमेरिकन जॅझ वादक. टेनर सॅक्सोफोन या फुंकून वाजवायच्या वाद्याला जॅझमध्ये एकलवाद्याची प्रतिष्ठा मिळवून देणारा पहिला मोठा कलावंत. संगीतवर्तुळात तो ‘हॉक’ आणि ‘बीन’ या टोपणनावांनी ओळखला जाई.

जन्म मिसूरी राज्यातील सेंट जोसेफ येथे. लहानपणी तो आधी पियानो आणि मग चेलो शिकला. सॅक्सोफोन नवव्या वर्षी हाती आला. चेलो पुढे सुटला, पण गजाने ओढल्यासारखा सलग, भरदार स्वर त्याच्या टेनरमध्ये अखेरपर्यंत राहिला. पियानोवर जोपासलेली स्वरसंघातांची (एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीची, म्हणजे कॉर्डची) जाण तर त्याच्या साऱ्या वादनाचा पायाच ठरली. विशीच्या आतच तो ब्लूज गायिका मॅमी स्मिथ हिच्या ‘जॅझ हाउंड्स’ या संचात शिरला आणि तिच्याबरोबर न्यूयॉर्कला पोहोचला.

अडॉल्फ सॅक्सने १८४६ मध्ये एकस्व घेतलेले सॅक्सोफोन हे वाद्य तोवर लष्करी बँड आणि करमणुकीच्या रंगमंचापुरतेच राहिले होते. रीडवर (मुखाशी बसवलेल्या, फुंकल्यावर कंप पावणाऱ्या पट्टीवर) जीभ आपटून काढलेले फटाफट आवाज, हसवणारे चीत्कार, हीच त्याची ओळख होती. खुद्द हॉकिन्सच्या सुरुवातीच्या तबकड्यांतही हे प्रकार आहेत, आणि त्या आज ऐकताना मजेशीर वाटतात. फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात १९३४ पर्यंत, म्हणजे सुमारे दहा वर्षे तो होता. तिथे १९२४–२५ मध्ये ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्याचा सहकारी होता. स्वरवाक्य कुठे लांबवायचे, ठोक्याच्या किंचित मागेपुढे कसे खेळायचे, हे सगळ्या वृंदाने आर्मस्ट्राँगकडून उचलले. हॉकिन्सही त्याला अपवाद नव्हता. १९२९ च्या ‘वन अवर’ या ध्वनिमुद्रणात टेनरवर वाजवलेली संथ, आर्त धून ऐकू येते. तिथून पुढे या वाद्याची कोणी थट्टा केली नाही.

१९३४ मध्ये तो इंग्लंडला गेला, तो पाच वर्षे युरोपातच राहिला. इंग्रज वृंदप्रमुख जॅक हिल्टनच्या वृंदाबरोबर जर्मनीचा दौरा ठरला, पण कृष्णवर्णीय असल्यामुळे नाझी राजवटीने त्याला प्रवेश नाकारला. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, फ्रान्स येथे मात्र त्याचे चाहते वाढत गेले. पॅरिसमध्ये १९३७ साली गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि सॅक्सोफोनवादक बेनी कार्टर यांच्यासह त्याने केलेली ध्वनिमुद्रणे त्या दशकातील उत्तम जॅझमध्ये गणली जातात.

इकडे अमेरिकेत हेंडरसनने त्याच्या जागी टेनरवादक लेस्टर यंगला घेतले होते. यंगचा स्वर हलका आणि हवेशीर, त्यामुळे वृंदातील मंडळी कुरकुरू लागली. हॉकिन्ससारखा वाजव, म्हणून हेंडरसनची पत्नी त्याला हॉकिन्सच्या तबकड्या ऐकवी. यंगने ऐकले नाही आणि काही महिन्यांतच वृंद सोडला. पुढच्या टेनरवादकांपुढे हे दोन मार्ग कायमचे उभे राहिले.

परतल्यावर ११ ऑक्टोबर १९३९ रोजी हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केले. जॉनी ग्रीनची ही चाल तोपर्यंत सर्वतोमुखी झालेली होती. पियानोवरच्या छोट्या सुरुवातीनंतर हॉकिन्स मूळ धून काही मात्रांपुरती सूचित करतो आणि सोडून देतो; उरलेल्या जवळजवळ तीन मिनिटांत ती पुन्हा येत नाही. मग तो वाजवतो काय? रागसंगीताला सरावलेल्या श्रोत्याला हे थोडे उलगडून सांगावे लागते. आपल्याकडे षड्ज स्थिर असतो आणि बढत एका रागाच्या चौकटीत होते. इथे पायाखालचे स्वरसंघात दर एकदोन मात्रांनी बदलत असतात, आणि मधल्या भागात तर आधारस्वरच अर्ध्या स्वराने वर सरकतो. हॉकिन्स प्रत्येक स्वरसंघात उकलतो, त्यातले स्वर शिडीसारखे चढतो-उतरतो आणि दोन संघातांमध्ये स्वतःचे जास्तीचे संघात पेरतो. एवढा हिशेब चालू असूनही ऐकणाऱ्याला तो जाणवत नाही, कळा चढत जाते तेवढी जाणवते. नाचायला आलेल्या लोकांनी अशी तबकडी भराभर विकत घ्यावी, हे त्या काळातले नवलच. २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिचा राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समावेश केला.

चाळिशीकडे झुकलेले बहुतेक वादक नव्या पिढीवर नाक मुरडतात. हॉकिन्सने उलट केले. १९४४ च्या फेब्रुवारीत ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, ड्रमवादक मॅक्स रोच अशा तरुणांना घेऊन त्याने केलेले ध्वनिमुद्रण बीबॉप या नव्या, वेगवान जॅझ शैलीच्या अगदी आरंभीच्या नोंदींत मोडते. त्याच वर्षी, इतरांना विचित्र वाटणाऱ्या थेलोनियस मंकला त्याने आपल्या चौकडीत पियानोवर बसवले. मंकने हे लक्षात ठेवले: १९५७ मध्ये आपल्या ध्वनिमुद्रणासाठी त्याने हॉकिन्स आणि तरुण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांना एकत्र आणले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस आलेले ‘पिकासो’ हे धाडस वेगळेच. साथीला कोणीही नाही, एकटा सॅक्सोफोन. असे जॅझमध्ये त्याआधी क्वचितच झाले असेल. १९६० मध्ये मॅक्स रोचच्या नागरी हक्कांवरील ‘वुई इन्सिस्ट!’ या ध्वनिमुद्रिकेतही त्याने वाजवले, तर १९६२ मध्ये पियानोवादक आणि वृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टनसोबत.

अखेरच्या वर्षांत मद्यपान वाढले, खाणे सुटले, शरीर खंगले. न्यूयॉर्क येथे त्याचे निधन झाले.

बेन वेब्स्टर, चू बेरी, डॉन बायस हे त्याच्या वळणाचे थेट वारस. टेनरवादक सॉनी रोलिन्सने त्याला दैवत मानले आणि १९६३ मध्ये त्याच्याबरोबर ध्वनिमुद्रणही केले. त्यात रोलिन्स गुरूची नक्कल करण्याऐवजी त्याला मुद्दाम डिवचताना दिसतो. ‘बॉडी अँड सोल’मधील उत्स्फूर्त वादन इतके पाठ झाले की गायक एडी जेफरसनने त्याच्या स्वरास्वरावर शब्द बसवले आणि ते गाणे म्हणून गायिले.