दुपारचे पाणी आणि पहाटेचे पाणी

इंदुरात राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, होळकरांच्या कृष्णपुरा छत्र्यांच्या पायथ्याशी कान्ह नदी वाहते आणि पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. पुलावरून जाणारा माणूस तिची परीक्षा नाकाने करतो: वास आला तर नाला, नाही आला तर नदी. ही परीक्षा अगदीच टाकाऊ नाही. गाळातील प्राणवायू संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्यांचा वास त्याचाच, आणि लोहाशी त्याचा संयोग झाल्यामुळेच गाळ काळा पडतो. मात्र वास गेला म्हणजे पाणी सुधारले, असे होत नाही.

विरघळलेला प्राणवायू मोजण्याची रीत हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये मांडली आणि ती आजही वापरात आहे. काचेची बाटली आत बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालून बूच लावायचे व ती उलटसुलट करायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका सावकाश तळाशी बसतो; नसेल तर तो पांढराच राहतो. नेमका आकडा पुढच्या अनुमापनातून, म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण घालून केलेल्या मोजणीतून मिळतो, पण पाहणाऱ्याला निकाल रंगावरूनच कळून चुकतो.

तो नमुना किती वाजता घेतला, हे मात्र विचारलेच पाहिजे. शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यातही नायट्रोजन आणि फॉस्फरस बऱ्याचदा उरतात. उथळ, संथ पाण्यात त्यांवर शेवाळ माजते आणि ते उन्हात इतका प्राणवायू सोडते, की ३० अंश तापमानाला हवेच्या संपर्कातील पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्रति लिटर मावत असताना, दुपारी त्याहून जास्त भरतो. रात्री तेच शेवाळ, जिवाणूंच्या बरोबरीने, हा साठा वापरून टाकते. म्हणून सूर्योदयापूर्वी पातळी सर्वांत खाली जाते आणि मासे पृष्ठभागावर तोंड उघडून तडफडताना दिसतात. स्नानायोग्य पाण्यात प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा आपल्याकडचा निकष आहे. एकच डोह दुपारी त्यात बसेल आणि पहाटे नापास होईल. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे पाण्यातील घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात ते, मोजताना नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात; तो अंधारात ठेवतात, ते शेवाळाची ही लुडबुड टाळण्यासाठीच.

घड्याळावर अवलंबून नसलेली एक साक्ष तळाशी असते. गाळ पांढऱ्या थाळीत पसरून पाहिला, तर वळवळणाऱ्या लालभडक अळ्या सापडतात. त्या न चावणाऱ्या, डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या असून, रक्तातल्यासारखे हिमोग्लोबिन असल्याने अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात. तिथल्या दगडांखाली भरपूर प्राणवायू लागणाऱ्या मेफ्लाय या कीटकाची नाजूक पिल्ले एकही नसतील आणि गाळात केवळ या लाल अळ्याच असतील, तर दुपारच्या अहवालातला आकडा कितीही देखणा असला, तरी त्या जागेने अनेक पहाटा गुदमरून काढल्या असाव्यात, असे समजायला हरकत नाही.