सोनोग्राफी

सोनोग्राफी : ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून आतल्या अवयवांचे चित्र उमटवणारी तपासणी. यात क्ष-किरण नसतात, म्हणून ती गरोदरपणातही करतात.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीतला ध्वनी बहुधा २० लाख ते दीड कोटी हर्ट्‌झचा असतो. प्रोबमधल्या (अंगावर फिरवतात त्या उपकरणातल्या) स्फटिकांना वीज दिली की ते थरथरून ध्वनी सोडतात. परतलेल्या ध्वनीचा दाब पडला की त्यांच्यातच वीज निर्माण होते. दाबाने वीज निर्माण होण्याचा हा गुण प्येर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. मऊ ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, त्यामुळे प्रतिध्वनीला लागलेल्या वेळावरून खोली कळते. द्रव काळा दिसतो. पित्ताशयातला खडा पांढरा, आणि त्याच्यामागे काळी सावली.

या तपासणीचा खरा शत्रू हवा. हवेच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी माघारी फिरतो. कातडी आणि प्रोब यांच्यात हवा राहू नये म्हणून ते थंडगार जेल लावतात. पोटाच्या तपासणीला सहा-आठ तास उपाशी बोलावतात, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकुंचन पावते आणि आतड्यांत वायू वाढतो. ओटीपोटासाठी मात्र भरपूर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते : भरलेले मूत्राशय आतडी बाजूला सारते आणि ध्वनीला वाट देते. बाहेर बाकावर ताटकळताना हे फार जड जाते, विशेषतः वयस्कर माणसांना. अगदीच असह्य झाले तर कर्मचाऱ्यांना सांगावे, संकोच करू नये.

तपासणी सहसा दुखत नाही. 'श्वास घ्या, धरून ठेवा' असे सांगतात ते यकृत बरगड्यांखालून खाली यावे म्हणून.

पुण्यात ससूनसारख्या सरकारी रुग्णालयापासून पेठांतल्या खासगी केंद्रांपर्यंत सर्वत्र गर्भलिंगनिदान होत नसल्याचा फलक लावणे बंधनकारक आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला. केंद्र सरकारचा १९९४ मध्ये आला. गरोदर स्त्रीसाठी तपासणीच्या नोंदीचा 'एफ' फॉर्म भरावा लागतो. मुलगा की मुलगी हे सांगणे गुन्हा आहेच. त्यासाठी तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांनाही शिक्षा आहे. स्त्रीवर मात्र नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे, उलट सिद्ध होईपर्यंत, न्यायालय गृहीत धरते.