मार न लागणारा नायक आणि मार पचवणारा नायक

मारामारीचा सिनेमा सुटला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "एकटा वीस जणांना लोळवतो, काहीही दाखवतात!" या एका वाक्यात आपण दोन अगदी वेगळे नायक एकाच दावणीला बांधतो. एकाला मार लागतच नाही. दुसऱ्याला लागतो आणि तो पचवून पुन्हा उभा राहतो. शेवटी दोघंही जिंकतात, म्हणून सारखे वाटतात.

वास्तवाची फूटपट्टी लावली तर दोघंही नापास. हातमोजा न घालता मुठीने डोक्यावर जोरात ठोसा हाणला तर पुष्कळदा मारणाऱ्याच्याच तळहातातलं, करंगळीच्या रेषेतलं हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. तसे शंभर ठोसे मारून कोणी धड राहत नाही. तरीही एकावर आपला विश्वास बसतो आणि दुसऱ्यावर बसत नाही. म्हणजे पटणं हे शक्य असण्यावर अवलंबून नाही.

हा फरक मला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो 'डाय हार्ड' या हॉलीवूडच्या चित्रपटमालिकेतल्या जॉन मॅक्लेन या पोलिसामध्ये, कारण हा एकच माणूस दोन्ही प्रकारचा नायक होऊन गेला. पहिला चित्रपट १९८८चा. विमानात शेजारचा प्रवासी त्याला सांगतो, प्रवासाचा शीण जायला बूट-मोजे काढून गालिच्यावर पायाची बोटं आवळ. लॉस एंजेलिसच्या उंच इमारतीत तो नेमका हेच करत असताना बंदूकधारी घुसतात आणि तो अनवाणीच पळतो. पहिल्या मेलेल्या शत्रूचे बूट त्याला लहान पडतात. पुढे त्याचे उघडे पाय खलनायकाच्या नजरेत भरतात आणि तो आपल्या माणसांना काचांवर गोळ्या झाडायला लावतो. त्यानंतर मॅक्लेन बाथरूममध्ये बसून रक्ताळलेल्या तळव्यातून काच उपसतो आणि वॉकीटॉकीवरून बाहेरच्या पोलिसाजवळ बायकोसाठी माफीचा निरोप ठेवतो. तिथून पुढे त्याचं प्रत्येक पाऊल आपल्यालाही टोचतं. सल्ला, बूट, काच, लंगडणं अशी साखळीच आहे. जखम एका प्रसंगातून पुढच्या प्रसंगात त्याच्याबरोबर चालत जाते.

२००७च्या चौथ्या भागात तोच मॅक्लेन, तोच नट ब्रूस विलिस. गाडी उडवून हेलिकॉप्टर पाडतो, लढाऊ विमानाच्या पाठीवर जाऊन पडतो, तिथून खाली येतो आणि चालू लागतो. चेहऱ्यावर रक्त इथेही आहे. पण ते रंगभूषेचं रक्त आहे, त्याने पुढचं काहीच अडत नाही. मला वाईट वाटतं ते याचंच. विमान खोटं वाटलं तरी चालतं. पाय खोटे वाटले की माणूस हातून जातो.

याचं एक कारण मारामारीच्या कामातच आहे. पडद्यावरचा ठोसा बहुतेक वेळा बसलेलाच नसतो. मूठ आणि जबडा यांच्यातलं अंतर दिसणार नाही अशा कोनात कॅमेरा ठेवतात. ठोसा खरा करतो तो मार खाणारा: मान वेळेवर झटकून, श्वास सोडून, तोल घालवून. आता नायकाने कधी मान झटकलीच नाही, तर समोरच्या गुंडाच्या हातात जोर असल्याचं आपल्याला कळणार कसं? मग वीस गुंड म्हणजे वीस पुतळे. नायकाला मार लागू न देणारा चित्रपट खरं तर त्याच्या विजयाचीच किंमत कमी करतो.

'दीवार'मधली (१९७५) गोदीच्या गोदामातली मारामारी म्हणूनच टिकून आहे. हप्ता नाकारणाऱ्या एका हमालाचा जीव आधीच गेलेला असतो. विजय गुंडांबरोबर स्वतःलाही आत कोंडून घेतो, दाराला कुलूप घालतो आणि किल्ली त्यांच्याकडेच फेकतो. अमिताभच्या उंचीपेक्षा ते कुलूप जास्त काम करतं. आता त्याला पळायलाही जागा नाही.

मग मार न लागणारा नायक कधीच पटत नाही का? पटतो, पण त्याची अट वेगळी. 'बाहुबली'च्या पहिल्या भागात (२०१५) शिवुडू खांद्यावर शिवलिंग उचलून धबधब्याखाली नेतो. हा पुराणातल्यासारखा वीर आहे, हे चित्रपट असं सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि आपण ते मान्य करून बसतो. त्याच्या बापालाही रणांगणात कोणी हरवणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे तलवारीची धास्ती उरत नाही. ती दुसरीकडे ठेवलेली असते. ज्याला हा बाप मामा म्हणतो, तो कटप्पाच पाठीमागून वार करतो. २०१७मध्ये दुसरा भाग येईपर्यंत दोन वर्षं लोक विचारत होते ते कटप्पाने त्याला का मारलं हेच.