नाशिकमध्ये शस्त्र परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि शस्त्र घेऊन फिरण्याचे नियम

बंदूक किंवा पिस्तूल बाळगण्यासाठीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ या केंद्रीय तरतुदींनुसार मिळतो. मात्र ते शस्त्र घेऊन कोठे आणि केव्हा फिरता येईल, यावर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चाही अंमल असतो. परवाना मिळाला म्हणजे शस्त्र कमरेला लावून कोठेही जाता येते, हा समज घातक आहे.

नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचा परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त असतो, तर निफाड, सिन्नर, दिंडोरी अशा ग्रामीण भागातील रहिवाशांसाठी जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही.

अर्ज नमुना ए-१ मध्ये करावा लागतो. त्यासोबत छायाचित्रे, ओळखीचा, जन्मतारखेचा व रहिवासाचा पुरावा, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी जोडावी. सर्वाधिक कस लागतो तो ‘गरज काय’ या प्रश्नावर. जिवाला धोका असल्याचे नुसते लिहून भागत नाही. पूर्वी दिलेल्या तक्रारी, गुन्हा नोंद असल्यास त्याची प्रत, रोकड ने-आण करावी लागत असल्यास व्यवसायाची कागदपत्रे, असा ठोस आधार जोडणे शहाणपणाचे ठरते, कारण प्राधिकारी जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवतो आणि चौकशीला आलेले कर्मचारी नेमके हेच पडताळतात. पीकरक्षणासाठी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरण्याच्या, बंदुकीची वेगळी तरतूद आहे. परंतु ती बिबट्याच्या शिकारीची मुभा नव्हे, कारण बिबट्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे.

अर्ज नाकारल्यास कारणे सामान्यतः लेखी मिळतात आणि त्याविरुद्ध अपील करता येते. मिळालेला परवाना पाच वर्षांसाठी असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. लग्नाच्या वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या काळात तलवारी, भाले, सुरे, बंदुका, इतकेच काय लाठ्याकाठ्या घेऊन फिरण्यासही बंदी असते. निवडणुकीत परवानाधारकाला शस्त्र जमा करण्याची नोटीस आल्यास ते जमा करून पोचपावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी.

धारदार शस्त्रांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे कायद्याच्या कक्षेत येतात. घरकाम, शेती व उद्योगाची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. म्हणूनच ऊसतोडीचा कोयता शेतात चालतो. मनाई आदेश असताना तोच रात्री चौकात हातात दिसला, तर कारवाई अटळ समजावी.

परवानाधारक वारल्यास त्याची बंदूक वारसांनी कपाटात तशीच ठेवू नये. विनाविलंब ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी आणि ठेवून घ्यायची असल्यास वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करावा.